कोऱ्या पट्टीवरचे थेंब

१

गुन्हा उघडकीला आला तो तांब्याभर पाण्यामुळे.

माजिवड्याच्या आपल्या गाळ्यासमोर, अंगणात, दिपिका केणी तांब्या घेऊन उभी होती. पुढ्यात तिच्या काकांची जुनी काळी जीप. ती जागची हलत नव्हती, पण बोनट असं लांबरुंद आणि सपाट, की चार माणसांनी वर बसून पत्ते कुटावेत. त्या बोनटवर दिपिकाने संक्रांतीनंतर टेप लावून पाच उभ्या पट्ट्या आखल्या होत्या. पहिलीवर मेणाचं पॉलिश, दुसरीवर सीलंट, तिसरीवर सिरॅमिक कोटिंग, चौथीवर पारदर्शक फिल्म. पाचवी कोरी. चार पट्ट्यांच्या कडेला नावं चिकटवली होती. कोरीला नाव तरी काय देणार? तेव्हापासून जीप ऊन खात, धूळ खात आणि कावळ्यांची सेवा स्वीकारत उभी होती. अक्षय तृतीयेला लोक नव्या गाड्या घेतात, म्हणून त्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर पाणी ओतायचं आणि कुठल्या लेपाने रंग किती राखला ते उघड दाखवायचं, असा तिचा बेत होता.

रंगीत तालीम म्हणून तिने गुरुवारी सकाळी पाणी ओतलं आणि तांब्या हातातून सुटला.

सिरॅमिकवर पाण्याने थेंब होऊन पळ काढायला हवा. इथे ते जावयासारखं ऐसपैस पसरून बसलं होतं. आणि जिला काहीच लावलं नव्हतं त्या कोऱ्या पट्टीवरून टपोरे थेंब गडगडत खाली उतरत होते.

तिचा फोन गेला आणि तासाभरात राजरत्न शहाडहून हजर झाला. हा गृहस्थ विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायचा. उभ्या गाडीवर भिंत चालून आली म्हणणारे मालक त्याने इतके पाहिले होते, की त्याचं एक पक्कं मत बनलं होतं: गाडी खोटं बोलत नाही. आणखी एक पक्कं मत होतं, की उपाशीपोटी तपास होत नाही. त्यामुळे त्याने आधी समोरच्या टपरीवरचा वडापाव संपवला आणि मग बोटं पुसून बोनटवर वाकला.

"कॅमेरा?" त्याने विचारलं.

"आतल्या गाड्यांवर आहे. ह्या डब्यावर कोण लावणार, दादा?" दिपिकाचा आवाज रडवेला झाला होता. "काका काय बोललेत माहितीये ना? रविवारी लोकांना पटलं तर गाळा तुझा. नाही पटलं तर सोमवारी त्यांची टोपं आत."

प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच अवघड. गाळा घराण्याचा, शब्द काळुरामकाकांचा. काकांचा मंडप आणि जेवणावळींचा धंदा शेजारच्याच गोदामात चालायचा आणि तिथे टोपांवर टोपं चढून छताला लागली होती. दिपिकाने तीन वर्षं नोकरी करून गाड्यांना लेप चढवायचं हे काम शिकून घेतलं होतं. हा गाळा गेला तर ठाण्यात दुसरा भाड्याने घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

"नवीन कोटिंग मार की पटकन. कोणाला कळणार आहे?" राजरत्नने मुद्दाम विचारलं.

"मला कळेल ना!" ती उसळली. "उन्हात तीन महिने टिकलं असं सांगायचं आणि काल लावलेलं दाखवायचं? मग मी आणि फसवणारे, फरक काय?"

राजरत्नला ही मुलगी भलतीच आवडायची, ती ह्याच कारणासाठी. तो पुन्हा वाकला. कोऱ्या पट्टीवर चमक होती, पण चमकेच्या खाली कावळ्यांनी पाडलेले जुने पांढुरके डाग तसेच होते. म्हणजे पट्टी बरेच दिवस खरोखर कोरीच होती, चमक आत्ताची. आणि ज्याने कोणी ती आणली होती, त्याने चारही कोपरे नीट भरले होते, शेजारच्या फिल्मवर बोटभरसुद्धा न जाता. राजरत्नने नखाने हलकेच खरवडलं. नखाखाली पातळ पांढरी वळी आली.

"मेण," तो म्हणाला.

दिपिकाचे डोळे बारीक झाले. "मंगळवारी केतन आलेला इथे. डोंबिवलीचा. मेणाशिवाय दुसरं काही विकतच नाही तो!"

२

डोंबिवलीत केतनच्या दुकानात मोसंबीचा वास भरून राहिला होता. तो त्याच्या पॉलिशचा.

"आलेलो ना, लपवतो कशाला," केतन म्हणाला. "ती पहिली पट्टी माझ्या मेणाची, ती बघायला आलेलो. रडायला आलं, दादा. काळा पत्रा, वरून एप्रिलचं ऊन. पार वितळून गेलेली."

"सिरॅमिकवर तुझा राग आहे म्हणे."

"धंद्यात बोलावं लागतं तसं. खरं सांगू? मेण म्हणजे डोक्याला खोबरेल. चमक एक नंबर, पण लावत राहायचं. सीलंट त्याचा शिकलेला भाऊ, थोडे महिने जास्त टिकतो. सिरॅमिक काचेसारखं कडक, वर्षं काढतं, मळ धरत नाही. पण दगड उडाला तर ते पण हात वर करतं. तिथे फिल्म पाहिजे. मोबाईलच्या गार्डसारखी, मार ती खाते आणि रंग वाचतो. किंमत ऐकून मालकाला चक्कर येते ती वेगळी."

"हे सगळं गिऱ्हाइकाला सांगतोस?"

"वेडा समजलास काय मला!" केतन खो खो हसला.

राजरत्नने कागदात जपून आणलेली पांढरी वळी त्याच्या नाकाखाली धरली. केतनने हुंगली, चिमटीत चोळली. "हे माझं नाय. माझं असं नखाने निघत नाही, आणि वास कुठाय ह्याला? एवढं जाड थापतं का कोणी?"

शिळफाट्याच्या गर्दीत बाइकवर अडकल्या अडकल्या राजरत्नने हिशेब मांडला. केतनला घातपातच करायचा असता तर त्याने सगळ्यात आधी स्वतःची मेलेली मेणाची पट्टी जिवंत केली असती. ती तर तशीच निस्तेज पडून होती. शिवाय कोरी पट्टी जिंकली तर पॉलिश विकणाऱ्याचा काय फायदा? काहीच न लावणं उत्तम ठरलं, तर केतनचंही दुकान बंद पडायचं.

काहीच न लावणं जिंकल्यावर फायदा होणारा माणूस अख्ख्या ठाण्यात एकच होता, आणि तो जीपचा मालक होता.

३

शुक्रवारी राजरत्न सिरॅमिकच्या पट्टीपाशी आला. पट्टीवर ओरखडा नव्हता, डाग नव्हता. बोट फिरवलं की मात्र किंचित खरखर लागायची. शेजारच्या फिल्मवर ती नव्हती.

"साबण असेल?" दिपिकाने विचारलं.

"साबण बुळबुळीत लागतो. तुझ्या डब्यात ते जखमेवर लावायचं तपकिरी औषध आहे का?"

"कोणाला लागलं?"

"तुझ्या कोटिंगला."

त्याने एकाच पांढऱ्या फडक्याचे तुकडे केले, पाण्यात भिजवून एकेक पट्टी वेगवेगळ्या तुकड्याने पुसली आणि गाळ्याच्या पायरीवर ते ओळीने मांडले. मग प्रत्येकावर औषधाचा एक थेंब टाकला. पहिला तपकिरी. दुसरा तपकिरी. चौथा, पाचवा, तपकिरीच. मधला तुकडा मात्र बघता बघता निळाकाळा झाला.

"अय्या!" दिपिका ओरडली. "हे तर शाळेत केलेलं. बटाट्यावर."

"बटाट्यावर, भातावर, पेजेवर. स्टार्च आहे हा. कोणीतरी ह्या पट्टीवर कांजी चढवलीये. तिने पाणी धरून ठेवलं. खाली तुझं कोटिंग जिवंत असेल किंवा नसेल, ते धुतल्यावर कळेल. आज धुवू नकोस, पुरावा आहे."

तेवढ्यात शेजारच्या गोदामातून काळुरामकाका बाहेर आले. उंचापुरा देह, गळ्यात जाड साखळी, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा. त्यांनी हात वर केला तेव्हा बाही कागदासारखी वाजली. इतकी कांजी माजिवड्यात दुसऱ्या कोणाच्याच कपड्यांना नसायची.

दिपिकाने राजरत्नकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

४

काळुरामकाकांनी गोदामाचं शटर एका बोटाने वर ढकललं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने आजूबाजूची सगळी शटरं सकाळी किंचाळत उठायची. हे मात्र आवाज न करता वर गेलं. राजरत्नची नजर शटरच्या उभ्या खाचेवर गेली आणि तिथे जरा रेंगाळली.

काकांबद्दल त्याने ऐकलं होतं ते एवढंच, की त्यांच्या पंगतीत शेवटच्या पानालाही पहिल्या पानाइतकंच वाढलं जातं. एका लग्नात भात संपत आला, तर ह्या माणसाने स्वतःच्या घरी चुलीवर असलेलं टोप रिक्षात घालून आणवलं होतं. पाहुण्यांना पत्ताही लागला नाही. घरचे त्या रात्री पाव खाऊन झोपले.

"सर्वेअर साहेब, सरळ विचारा," काका म्हणाले.

"रविवारी पोरीचं फसलं तर गाळा तुमचा?"

"हाव. गाळा मना पायजेच. टोपं काय डोक्यावर ठेवू?"

"जीपला हात लावलात?"

एवढा धिप्पाड माणूस, पण छताकडे बघायला लागला. "माझी जीप हाय. मी कनाला सांगू?" आणि ते एकदम टोपं मोजण्यात गुंतले. कान मात्र लाल झाले होते.

राजरत्न पुढचं विचारणार, तोच दारातून हाक आली. "काळू, पावण्याला नुसता उभा ठेवलास काय रं?" काकांची आई, दिपिकाची आजी, आवडाबाई चहा आणि तळलेले पळीपापड घेऊन आल्या होत्या. तांदळाचे, पांढरेफटक, कुरकुरीत. राजरत्नने तपास गुंडाळून ठेवला आणि पापडांचा समाचार घेतला. चौथ्या पापडानंतर आवडाबाई प्रसन्न झाल्या.

"बाबा, कच्चे बांधून देते. सुनेला सांग, तेल कडकडीत तापव."

"घरीच करता, आजी? कुठे वाळवता एवढे?"

"उन्हात," आवडाबाई म्हणाल्या आणि लगबगीने निघून गेल्या.

अंगणात येऊन राजरत्नने पुडी उघडली. एक कच्चा पापड उजेडात धरला. वरची बाजू खडबडीत, कुठल्याही पापडाची असते तशी. त्याने तो उलटा केला. प्लास्टिकवर घातलेल्या पापडाच्या पोटाला प्लास्टिकच्या सुरकुत्या उमटतात. ह्याचं पोट आरशासारखं गुळगुळीत होतं. आणि पळीने घातलेला पापड गोल असतो. ह्याची एक कड पट्टी धरून कापावी तशी सरळ होती.

तो जीपपाशी गेला. पापडाची सरळ कड त्याने तिसऱ्या पट्टीच्या टेपला लावली. तंतोतंत बसली.

राजरत्न एकटाच हसत सुटला. मग त्याला आठवलं, की आपण चार खाल्लेत.

५

शनिवारी सकाळी त्याने सगळ्यांना जीपभोवती जमवलं. केतन न बोलावता डोंबिवलीहून आला होता. म्हणाला, असला तमाशा कोण चुकवेल.

"आपण सगळे एक गुन्हेगार शोधत होतो," राजरत्नने सुरुवात केली. हा क्षण त्याला फार प्रिय होता आणि तो तसं लपवतही नसे. "सिरॅमिकला पाडणारा आणि कोऱ्याला चढवणारा एकच, असं धरून चाललो. तिथेच गाडी घसरली. काम दोघांचं आहे. आवडाबाई, पापड कुठे वाळवता?"

आवडाबाईंनी पदर सावरला. "ही पोरगीच बोलली ना, आजी, ह्या पट्टीवर कायपन चिकटत नाय! मंग मी बोलले, प्लास्टिक कनाला पायजे? पोरगी दुपारची गिऱ्हाइकांकडं जाते. तवा घालायचे, ती यायच्या आत काढायचे. काय सुटतात! हाताला लागत नाय. काला पत्रा, दोन उन्हात खडखडीत."

दिपिकाचं तोंड उघडं राहिलं. "आजी! माझ्या कोटिंगवर पापड?"

"पापडांना काय झाला नाय, उगाच वरडू नको."

"पापडाची पेज सुकून पट्टीवर बसली आणि थेंब अडले," राजरत्न म्हणाला. "आता कोमट पाण्याने धू."

दिपिकाने शाम्पूचा फेस केला, मऊ हातमोज्याने पट्टी धुतली आणि तांब्या रिकामा केला. पाणी पट्टीवर पडलं, थेंब झालं आणि पळालं. ती जागच्या जागी उडी मारून ओरडली. केतननेही टाळी वाजवली आणि मग आपण मेणवाले आहोत हे आठवून हात खिशात घातले.

"राहिली कोरी," राजरत्न म्हणाला. "हिच्यावर मेण आहे, पण गाडीचं नाही. वास नाही, पांढरं, जाड. मेणबत्ती. काळुरामशेठ, तुमचं शटर बोटाने वर जातं, कारण तुम्ही त्याच्या खाचेत मेणबत्ती चोळता. मी पाहिली. पण मग माझं डोकं चालेना. चाचणी बिघडवायची तर बादलीभर साबणाचं पाणी पाचही पट्ट्यांवर फेकलं की काम झालं. इथे तर कोणीतरी आधी पट्टी पुसलीये, कोपरे भरलेत, शेजारणीला धक्का लावलेला नाही, आणि चमकेपर्यंत घासलीये. वाटोळं करायला आलेला माणूस इतक्या मायेने हात फिरवत नाही. मग मला तुमच्या त्या रिक्षातल्या भाताची गोष्ट आठवली. पुढचं तुम्ही सांगा."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका आपल्या चपलांकडे.

"चार जनींना वाढलेला आणि पाचवी उपाशी," ते शेवटी पुटपुटले. "मी बोललो, पोरीचा सामान संपला. लाजंला सांगत नसंल. रविवारी चार गावची लोकं येनार, बोलतील, केणींच्या पोरीचा शेवटच्या पानाला पुरला नाय. आपल्या घराचा असा कंदी झालाय? म्हनून तापल्या पत्र्यावर फिरवली मेनबत्ती. लोन्यासारखी फिरते."

दिपिका हळूच म्हणाली, "काका, ती मुद्दाम कोरी ठेवलेली. काही न लावता रंगाचं काय होतं, ते दाखवायला."

काकांना हे पटायला वेळ लागला. "म्हंजे एकीला उपाशी ठेवून बाकीच्यांचा पोट भरल्याचा दाखवायचा?"

"हो."

"लय वाईट पद्धत हाय."

"पण काका," तिने विचारलं, "माझं फसलं तर गाळा तुम्हाला मिळणार होता. मग मला कशाला झाकलंत?"

"गाळा पायजे मना," काका तडकून म्हणाले. "तुझी नाचक्की करून नको. दोन गोष्टी येगल्या हायेत."

दिपिका पुढे झाली आणि तिने त्या कांजीच्या सदऱ्यात तोंड लपवलं. सदरा पार चुरगळला, तरी काकांनी तिला दूर केलं नाही. डोळे मात्र त्यांनी आभाळाकडे लावले, जणू तिकडे काही मोजायचं होतं.

"आनि आये," थोड्या वेळाने ते आवडाबाईंकडे वळले, "तुझे पापड मी रोज बगत व्हतो. बोललो नाय."

"मी तुझी मेनबत्ती बगितलेली," आवडाबाई म्हणाल्या. "मी बोलले काय?"

६

रविवारी माणसं लोटली. दिपिकाने मेणबत्तीचा थर सगळ्यांसमोर काढला आणि झालेला प्रकार पहिल्यापासून सांगून टाकला, पापडांसकट. लोक पोट धरून हसले, आणि हसलेल्या माणसाचा विश्वास बसायला वेळ लागत नाही. मग तिने पाणी ओतलं. मेणावर ते रेंगाळलं, सीलंटवर बऱ्यापैकी घरंगळलं, सिरॅमिकवरून पळालं. फिल्मवर तिने मूठभर खडी आपटून दाखवली आणि खालचा रंग शाबूत निघाला. कोऱ्या पट्टीवर पाणी मरगळून पडलं, आणि त्याखाली रंगात रुतलेले कावळ्यांचे डाग सगळ्यांना दिसले.

"सगळ्यांना सगळं लागत नाही," ती म्हणाली. "गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये असेल आणि रविवारी घासायची हौस असेल तर डोंबिवलीच्या केतनकडून मेण घ्या. रोज हायवेला पळत असेल तर पुढच्या भागाला फिल्म. उन्हात उभी राहत असेल तर सिरॅमिक. पण काहीतरी लावा."

केतन चाट पडला. गर्दीत दोघांनी लगेच त्याचा नंबर मागून घेतला.

काळुरामकाकांना मात्र उभं राहवेना. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी हाताला धरून पुढे आणलं, बायकांना वाट करून दिली, ज्यांचं बघायचं राहिलं होतं त्यांच्यासाठी पुन्हा पाणी ओतायला लावलं. बोनटपाशी उभं राहून, जन्मभर हेच काम केल्यासारखं ते सांगत होते, "ही बगा, हिला मुद्दाम काय लावला नाय. लय वाईट पद्धत, पन समजतं लगेच."

उन्हं कलली तरी गाड्यांची रांग सर्व्हिस रोडपर्यंत होती. राजरत्न पायरीवर बसून तिसरा चहा पीत होता. दिपिका घामाघूम होऊन काकांपुढे उभी राहिली. दिवसभर जिभेवर असलेला प्रश्न तिने एकदाचा विचारला.

"काका, गाळ्याचं काय?"

काकांनी रांगेकडे पाहिलं. मग गाळ्याकडे पाहिलं, जिथे दोन गाड्या उभ्या केल्या की माणसाला आडवं होऊन चालावं लागायचं. मग गाळा आणि आपलं गोदाम यांच्यामधल्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी तिच्यावर दोनदा थाप मारली.

"ह्या गाळ्यात तुझा भागायचा नाय," ते म्हणाले. "टोपं मी ठेवीन डोक्यावर. उद्या गवंडी बोलवू. ही भिंत पाडाया लागंल."